शेअर हेलिकॉप्टर : ऊर्जानगरच्या नवशिक्यांसाठी

आधी तिकिटाचा विचार डोक्यातून काढा. पैसे मोजून हेलिकॉप्टरातली एकेक सीट घ्यायची सोय 2019 च्या डिसेंबरात मुंबई-पुणे-शिर्डीकडे निघाली. ब्लेड नावाची अमेरिकी कंपनी भारतीय भागीदार घेऊन आली होती. जुहू आणि महालक्ष्मीहून माणसं उडायची. आपल्याकडचं शेअर हेलिकॉप्टर त्याहून जुनं, वर फुकट. त्यात उद्योगपती नसतात, झेडपीचे गुरुजी असतात.

सीट मिळवायला निवडणूक ड्युटी लागते, तीही गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली-भामरागडकडची. 19 एप्रिल 2024 ला चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांत लोकसभेचं मतदान एकाच दिवशी झालं. आपल्याकडची पथकं यंत्रांच्या पेट्या घेऊन बसने गेली, तिकडे दुर्गम केंद्रांवरची आकाशातून उतरली. तेव्हा आधी बदली मागा. 26 ऑगस्ट 1982 च्या आत जन्मून नोकरीला लागला असता, तर बदलीचीही गरज नव्हती. तोवर गडचिरोली आपल्याच जिल्ह्यात होती.

आणखी एक मार्ग आहे, पण तो कोणावर येऊ नये. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागड तुटतं, आणि अडलेल्या बाळंतिणीला पोलिसांचं हेलिकॉप्टर दवाखान्यात नेतं. त्या सीटकडे बघूही नका.

ड्युटी लागली असं धरू. काळी-पिवळीतल्या सवयी घरी ठेवा. तिथे ‘सरका, अजून एक बसते’ म्हणत ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर बसतो. इथे छोट्या हेलिकॉप्टरला तुमचं वजन पिशवीसकट आधी सांगावं लागतं. त्यातून आपला उन्हाळा. हवा तापली की विरळ होते, विरळ हवेत पंख्याला पकड मिळत नाही, आणि पंचेचाळीस डिग्रीत पायलट सकाळपेक्षा कमी माणसं उचलतो. खाली राहिलात तर तो अपमान समजू नये. उन्हाशी भांडून उपयोग नसतो, हे चंद्रपूरकराला कोणी शिकवायला नको.

हेलिपॅड म्हणजे बहुधा शाळेचं मैदान : चुन्याचा गोल, मधे इंग्रजी एच, धूळ उडू नये म्हणून टँकरने मारलेलं पाणी. पायलटने खूण केल्याशिवाय हलू नका. जायचं ते समोरून, त्याला दिसत राहून. शेपटीकडे चुकूनही नाही; तिथला छोटा पंखा इतक्या वेगात फिरतो की दिसतच नाही. टोपी, दुपट्टा, मतदार यादीचे कागद छातीशी घट्ट धरा. ‘गुरुजी, डोकं खाली ठेवजा!’ असं कोणी ओरडलं तर मान वर करून ‘काय म्हणता?’ विचारू नका. आत बसल्यावर गप्पा विसरा, काही ऐकू येत नाही. मच्छरदाणी मात्र विसरू नका. गडचिरोलीचा मलेरिया ड्युटी ऑर्डर बघत नाही.

आता हेलिकॉप्टर थेट आपल्या ऊर्जानगर कॉलनीत का उतरत नाही, हा प्रश्न. बिबट्या आडवा येईल म्हणून नव्हे, तो तर इथला रहिवासीच. कमी उंचीवर हेलिकॉप्टरला सगळ्यात जास्त भीती वायरींची, आणि 2920 मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्रातून निघणाऱ्या वायरींचं जाळं आपल्या उशाशी आहे. वर चिमण्या. पण वायरींतल्या विजेचंही उडण्याशी नातं जुळतंय : नवी हवाई टॅक्सी तर बॅटरीवरच उडणार. नोव्हेंबर 2023 मध्ये इंडिगोच्या मूळ कंपनीने आर्चर कंपनीबरोबर ती जाहीर केली : चार प्रवासी, कॅनॉट प्लेस ते गुरुग्राम सात मिनिटांत, आणि पुढे मुंबईतही. म्हणजे मुंबईच्या त्या टॅक्सीत आपलीही थोडी वीज जाईल. राख मात्र शेअरिंगमध्ये नाही, ती पूर्ण आपल्याच गच्चीवरच्या कपड्यांवर.

परतीचं काही धरून चालू नका. ढग आले तर उड्डाण रद्द होतं; मग आलापल्लीपर्यंत मिळेल ती गाडी, आणि तिथून एसटीत उभ्याने.