कटऑफबाबा

दहावीचा निकाल लागला की आंबिवलीतले पेढे दोन दिवसांत संपतात आणि कटऑफबाबांचा मोसम सुरू होतो. तो पार श्रावणापर्यंत चालतो. कटऑफबाबा हे कुणा एकाचं नाव नव्हे. मोहने रोडच्या प्रत्येक सोसायटीत निदान एक, अटाळीत दोन-तीन, आणि वडवलीत तर दोन सख्खे भाऊ कटऑफबाबा असू शकतात. जमिनीच्या वादावरून त्यांचं बोलणं कधीचंच बंद असतं, पण मुलं एकाच वर्षी दहावीला आल्यामुळे ते पहिल्या यादीपुरतं सुरू झालेलं असतं.

एरवी हा माणूस बँकेत, गोदामात किंवा कुठल्याशा सरकारी कचेरीत खाली मान घालून नोकरी करतो. घरातला गॅस संपलाय हे त्याला तिसऱ्या दिवशी कळतं. मुलगी नववीत कुठल्या तुकडीत होती हे त्याला विचारू नये. पण निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता मोबाइलवर टक्के उमटले की त्याच्या अंगात येतं. तो बायकोला म्हणतो, "अ‍ॅडमिशनचं तू काही बघू नकोस. ते सगळं माझ्याकडे."

"अहो, पण तिला काय करायचंय ते तरी विचारा."

"ते नंतर. आधी कुठे बसतंय ते बघू."

या एका वाक्यात त्याचं सगळं शैक्षणिक धोरण आलं. मूल काय शिकणार, हा पुढचा प्रश्न. ते कुठे ‘बसतंय’, हा आजचा.

तुम्ही त्याला रस्त्यात भेटलात तर तो ‘कसे आहात’ म्हणत नाही. तो विचारतो, "किती?" तुम्ही ब्याऐंशी म्हणालात की दुसरा प्रश्न, "ओपन?" आणि तिसऱ्या प्रश्नाची वाट न बघता निकाल: "कॉमर्सला बिर्ला बसून जाईल. सायन्सला काठावर. बायफोकल टाका, बायफोकलला लोक घाबरतात." बायफोकल म्हणजे काय, हे त्याला परवापर्यंत ठाऊक नव्हतं. त्याला तो चष्म्याचा प्रकार वाटत होता. आता तो इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स यांचा दोनशे गुणांचा हिशेब फलाटावर उभ्याउभ्या मांडून दाखवतो. सीए झालेला शेजारीही त्यापुढे गप्प बसतो.

काखेत बटणाची प्लॅस्टिकची फाइल. तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला, इंटरनेटवरून काढलेली गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, आणि या प्रत्येकाच्या इतक्या झेरॉक्स, की मुलीनं पीएचडी केली तरी पुरून उरतील. प्रवेश ऑनलाइन आहे, कागद स्कॅन करून चढवायचे आहेत, ही गोष्ट त्याला मान्य आहे. तरी "ओरिजिनल जवळ असलेलं बरं" म्हणून तो फाइल घेऊनच भाजीला जातो.

हा असा का झाला, याला इतिहास आहे. त्याची स्वतःची दहावी नव्वदच्या दशकातली. तेव्हा प्रत्येक कॉलेजात जाऊन, रांगेत उभं राहून फॉर्म विकत घ्यावा लागे आणि यादी कॉलेजच्या फळ्यावर लागे. त्याचे वडील मोहन्याच्या एनआरसीत पाळीवर. रेयॉनचा एवढा मोठा कारखाना, त्याची कॉलनी, त्याचा भोंगा. सगळ्या आंबिवलीचं घड्याळ त्यावर चाले. पाळी करून आलेल्या वडिलांनी डोळे चोळत एकच मार्गदर्शन केलं होतं: "जवळचं बघ." मुलानं जवळचं बघितलं. तिथे जे शिकवत होते ते शिकला. माटुंग्याला रुईया नावाचं कॉलेज आहे हे त्याला नोकरीला लागल्यावर, शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या बोलण्यातून कळलं. तो माणूस वाक्याची सुरुवातच "आम्ही रुईयात असताना" अशी करी. ते वाक्य यानं आजतागायत विसरलेलं नाही.

2009 साल त्याला तोंडपाठ आहे. त्या वर्षी एनआरसी बंद पडली आणि त्याच वर्षी मुंबई महानगर क्षेत्रातले अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. वडिलांचं येणं अडकलं ते तो थोडक्यात सांगतो. पण त्याच साली सरकारनं राज्य मंडळाच्या मुलांसाठी 90 टक्के जागा ठेवायचं काढलं आणि हायकोर्टानं ते उडवलं, हे मात्र तो स्वतः वकील असल्यासारखा सांगतो. लगेच पुढच्या वर्षीचं बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे सर्वांत चांगल्या पाच विषयांवरच टक्के. तेही हायकोर्टात हरलं आणि सुप्रीम कोर्टात जिंकलं. मेव्हण्याचा मुलगा त्या वर्षी दहावीला होता. त्याला कशात किती होते, कुठला विषय गळला आणि त्यामुळे टक्के कितीवर गेले, हे त्या मुलाला आठवत नसेल, याला आठवतं.

खरी गंमत आकड्यांची आहे. 2025 साली दहावीचा निकाल 13 मे रोजीच लागला, 94.10 टक्के. साडेचौदा लाखांच्या आसपास मुलं पास. त्या वर्षी पहिल्यांदाच सगळ्या राज्याचे अकरावी प्रवेश एकाच संकेतस्थळावर आले आणि जागा होत्या 21 लाखांवर. म्हणजे प्रत्येक मुलाला एक खुर्ची देऊन वर लाखो खुर्च्या रिकाम्या. हे मी एका कटऑफबाबांना समजावून सांगायला गेलो. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "बरोबर आहे. पण त्या रिकाम्या जागा कुठे आहेत, ते विचारा." जागा हव्या तिथे नाहीत, आहेत तिथे नकोत, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच वर्षी 21 मेला संकेतस्थळ उघडलं आणि उघडताच बसलं. नोंदणी 26 मेवर गेली. आमच्या भागातल्या बाबांनी ते पाच दिवस कसे काढले हे त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक. पहाटे साडेतीनला उठून "आता लोड कमी असेल" म्हणून लॉगिन करणारे होते. एकानं तर टिटवाळ्याच्या गणपतीला जाऊन आपला नोंदणी क्रमांक पुजाऱ्याला वाचून दाखवला. टिटवाळा पुढचंच स्टेशन असल्यामुळे आंबिवलीकरांची सगळी शैक्षणिक गाऱ्हाणी तिथेच जातात.

फॉर्मात दहा कॉलेजांचे पसंतीक्रम भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. हा नियम वाचल्यापासून घरात पहिल्या क्रमांकावर कुणाचं नाव घालायचं, यावर लग्नाच्या याद्यांना झाली नाही इतकी चर्चा होते. बाबांचं म्हणणं, रुईया एक नंबरला टाकून बघू. आईचं म्हणणं, "आणि लागलं तर?" या प्रश्नानं बाबा दचकतो. लागेल याची तयारी त्यानं केलेलीच नसते.

म्हणून मग कॉलेज बघायला जायचं ठरतं. ‘बघायला जाणं’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे स्थळांसाठी राखीव होता, तो आता इथेही लागू झाला आहे. रविवारी कॉलेज बंद, म्हणून बाबा रजा टाकतो. आई, बाबा, फाइल, आणि त्यांच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून, आपला या मंडळींशी संबंध नाही अशा बेतानं चालणारी मुलगी.

आता आंबिवलीकराला कॉलेज इमारतीपासून सुरू होत नाही, फलाटापासून होतं. कल्याणच्या पुढे कसारा लाइनवरचं हे दुसरं स्टेशन, मध्ये फक्त शहाड. गाड्या टिटवाळा, आसनगाव, कसारा एवढ्याच, आणि एक चुकली की दुसरीची वाट बघताना माणूस प्रौढ होतो. त्यामुळे बाबाच्या वहीत कॉलेजच्या नावापुढे प्राध्यापकांची नावं नसतात. बिर्ला: कल्याणला उतरून शेअर रिक्षा, नाहीतर शहाडहून. अग्रवाल: गांधारी, रिक्षा नक्की. उल्हासनगरचं चांदीबाई: गाडीनं गेलं तर कल्याणला बदलून कर्जत लाइन, त्यापेक्षा शहाडला उतरून रिक्षा बरी. डोंबिवलीचं पेंढरकर: "डोंबिवलीला सकाळी गाडीत चढता येत नाही म्हणतात. आपल्याला तर उतरायचंय." ठाण्याचं जोशी-बेडेकर, बांदोडकर: स्टेशनपासून चालत, खाडीच्या कडेला, हवा चांगली. रुईया: फास्ट गाडी माटुंग्याला थांबत नाही, कुर्ल्याला नाहीतर दादरला बदला. या ओळीपुढे त्यानं तीन वेळा पेन गिरवलेलं असतं.

सीट मिळावी म्हणून एखादा बाबा घरच्यांना आधी टिटवाळ्याला उलटं नेतो आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसवून पुन्हा आंबिवलीवरून मुंबईकडे आणतो. आपल्याच स्टेशनावर दारात लोंबकळू पाहणारे शेजारी खिडकीतून बघताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते मुलीच्या टक्क्यांनीही आलेलं नसतं.

कॉलेजच्या फाटकाशी पहिली गाठ वॉचमनशी. कटऑफबाबा प्राचार्यांपेक्षा वॉचमनवर विश्वास ठेवतो. "कुठून आलात?" "आंबिवली." वॉचमनचे डोळे किंचित मऊ होतात, बरेचदा तो स्वतः वाशिंदचा निघतो. मग दोघांची गाड्यांवर चर्चा होते, मुलगी आणखी दहा पावलं मागे सरकते, आणि आत सोडलं जातं.

आत गेल्यावर तो काय बघतो? नळ. पहिल्या मजल्यावरचा पिण्याच्या पाण्याचा नळ तो स्वतः सोडून बघतो, ओंजळीत घेऊन वास घेतो, मग तसाच पुढे जाऊन स्वच्छतागृहाचा नळ सोडतो. वर्गाच्या दारातून डोकावून पंखे मोजतो. "सात. दोन बंद असतील." कॅन्टीनमध्ये वडापावचा भाव विचारतो आणि तेवढ्यावर कॉलेजची आर्थिक पातळी ठरवतो. मग तो नोटीस बोर्डापाशी थबकतो. तिथे गेल्या वर्षीची डिफॉल्टरांची यादी अजून लटकत असते: हजेरी 75 टक्क्यांखाली गेलेली मुलं, तीन पानं, खाली सही-शिक्का. एवढी नावं बघून दुसरा कुणी घाबरला असता. बाबाचा चेहरा उजळतो. "बघितलंस? शिस्त आहे इथे."

"बाबा, अर्धा वर्ग आहे त्या यादीत," मुलगी म्हणते.

"तेच. सोडत नाहीत कुणाला."

ग्रंथालयाला कुलूप असतं, जेवणाची सुट्टी. त्याला त्याचं विशेष वाटत नाही. तो खिडकीतून डोकावतो, "पुस्तकं आहेत" अशी नोंद करतो आणि ऑफिसच्या खिडकीकडे वळतो, कारण रेल्वे कन्सेशनचा फॉर्म कुठे आणि किती वाजता मिळतो ही माहिती अजून बाकी असते.

आई या सगळ्यात काही बोलत नाही. ती मुलींची कॉमन रूम बघून येते, तिथे बसलेल्या दोघीतिघींशी दहा मिनिटं बोलते आणि बाहेर येते तेव्हा तिला सगळं कळलेलं असतं: कोण शिकवतं, कोण नुसतं वाचून दाखवतं, कुठल्या मुली सकाळी क्लासला बसतात आणि कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला उगवतात. ‘इंटिग्रेटेड’ म्हणजे कॉलेजचं नाव आणि क्लासचा अभ्यास, एवढं तिला तिथेच समजतं. ती हे घरी येईपर्यंत सांगत नाही. गाडीत बाबाला बोलायचं असतं.

मुलगी मात्र परतीच्या वाटेवर, दादरच्या पुलावर, गर्दीत कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगून टाकते, "बाबा, मला सायन्स नकोय. मला आर्ट्सला जायचंय. सायकॉलॉजी."

बाबा जिन्यावरच थांबतो. मागून लोक शिव्या घालतात. त्याच्या वहीत दहाच्या दहा कॉलेजांचे सायन्सचे कटऑफ असतात, तिन्ही फेऱ्यांचे, कॅटेगरीनिहाय. तुम्हाला वाटेल, तो आता भविष्य, नोकरी, लोक काय म्हणतील वगैरे काढणार. काही जण काढतात, आणि त्यांच्या घरी जुलैभर जेवणं अबोल होतात. पण अस्सल कटऑफबाबाचा पिंड वेगळा. तो क्षणभर गप्प राहतो आणि मग त्याच्या डोळ्यांत चमक येते.

"आर्ट्स? अगं, मग तर रुईया बसतंय!"

सायकॉलॉजी हे काय प्रकरण आहे याची चौकशी तो करत नाही. रात्री दोनपर्यंत जागून तो आर्ट्सचे कटऑफ नव्यानं लिहून काढतो, आणि सकाळी सोसायटीच्या गेटवर पहिल्या भेटलेल्या माणसाला सांगतो की हुशार मुलं हल्ली आर्ट्सलाच जातात.

शेवटी पहिल्या क्रमांकावर आई सांगते ते कॉलेज जातं. ते बहुधा कल्याणचंच असतं. बाबा ते बिनतक्रार भरतो, कारण गाड्यांचा हिशेब त्याचाच असतो आणि तो हिशेब पहिल्या दिवसापासून तेच सांगत होता. रुईया दुसऱ्या क्रमांकावर राहतं. पहिलं मिळाल्यामुळे दुसऱ्याचं काय झालं असतं हे कधीच कळत नाही, आणि याचा त्याला पुढे फार उपयोग होतो. "रुईया सहज बसत होतं," तो सांगतो, "आम्हीच नको म्हटलं. लांब पडतं."

माझं या माणसाबद्दलचं मत एवढंच: शिक्षणातलं त्याला फारसं कळत नाही, प्रवेशातलं बरंच कळतं, आणि गाड्यांतलं सगळं कळतं. त्यानं सांगितलेली शाखा डोळे मिटून घेऊ नका. त्यानं सांगितलेली लोकल मात्र जरूर पकडा. तुमच्या घरी यंदा दहावी असेल तर त्याला गाठाच, वही घेऊन जा. नसेल, आणि जूनमध्ये कसारा लोकलमध्ये तो शेजारी येऊन बसला, तर कृपा करून आपल्या भाच्या-पुतण्याचे टक्के तोंडातून काढू नका. ठाणे येईपर्यंत सुटका नाही.