डिझीचं मंत्रिमंडळ

१९६४ साली ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी थट्टेथट्टेत अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभा राहिला. प्रचाराचे बिल्लेसुद्धा निघाले. व्हाइट हाऊसचं ‘ब्लूज हाऊस’ होणार, परराष्ट्र खातं जाझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनकडे, संरक्षण मॅक्स रोचकडे (ड्रमर तो, त्याला दणदणाट नवा नाही) आणि सीआयए माइल्स डेव्हिसकडे. श्रोत्यांकडे पाठ करून वाजवणाऱ्याला हेरखातं! याहून चोख नेमणूक आम्ही तरी पाहिलेली नाही. लोक हसले आणि जॉन्सनना निवडून मोकळे झाले.

वादकाने अध्यक्षांची खुर्ची मागितली तर तो विनोद. फेब्रुवारी २०२५मध्ये अध्यक्ष ट्रम्पनी वॉशिंग्टनमधल्या केनेडी सेंटर या कलाकेंद्राचे विश्वस्त बदलले, नव्या विश्वस्तांनी त्यांनाच प्रमुख निवडलं. हा मात्र रीतसर कारभार. गाल फुगवण्यात डिझीही कमी नव्हता. त्याच्या गालांतून निदान सूर निघायचा.