गोळीचा सातबारा

दुसऱ्याच्या दुःखाने व्यथित होणाऱ्या माणसांत नुसते हळहळणारे पुष्कळ आणि खिशातून गोळी काढून देणारे थोडे असतात. आमचे साडू नानासाहेब या दुसऱ्या, अल्पसंख्य पण अधिक भयप्रद वर्गाचे अग्रणी होत. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकपदावरून ते सन्मानपूर्वक निवृत्त झाले असले, तरी समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून घेण्यापूर्वीच त्यावर उपाय सांगण्याची त्यांची अध्यापकीय शक्ती तिळमात्र निवृत्त झालेली नाही. आणि त्यामुळे लग्नमुंजीत, यात्रेत, किंबहुना कोणाच्या तेराव्याला जमलेल्या मंडळींतही कोणी नुसता कपाळाला हात लावला, मग तो यजमानाने आचाऱ्याचा हिशेब आठवून लावलेला का असेना, की नानासाहेबांच्या जाकिटाच्या आतल्या खिशातून कात्रीने कापलेल्या चंदेरी पट्टीचा एक तुकडा बाहेर येतोच. "घ्या, रावसाहेब, दहा मिनिटांत मोकळे व्हाल," हे त्यांचे ठरलेले आशीर्वचन. कशापासून मोकळे, याचा खुलासा ते करीत नाहीत.

मी पडलो महसूल खात्यातला. उमेदवारीपासून अव्वल कारकुनापर्यंतची हयात दप्तरात गेल्यामुळे कोणताही कागद हाती आला, की आधी त्याची मागची बाजू पाहण्याची मला खोड आहे. जमीन घेणारा भोळा मनुष्य बांधावर उभा राहून पीक पाहतो. शहाणा मनुष्य चावडीवर जाऊन सातबारा पाहतो, आणि त्यातही कब्जेदाराच्या नावावर न भाळता 'इतर हक्क' या रकान्यात कोणाचे कूळ आणि कोणाचा बोजा दडून बसला आहे, त्याची शहानिशा करतो. दुखण्यावरच्या संयुक्त गोळ्यांचे नेमके हेच आहे. दर्शनी बाजूस ठळक अक्षरांत झळकते ते केवळ कब्जेदाराचे नाव. खरे हक्कदार मागे, भिंग लावल्यावाचून न दिसणाऱ्या अक्षरांत नांदत असतात. सॅरिडॉनच्या उताऱ्यावर २५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, १५० मिलिग्रॅम प्रोपिफेनाझोन आणि ५० मिलिग्रॅम कॅफीन अशी तीन नावे आहेत. कॉम्बिफ्लामच्या उताऱ्यावर ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. आणि सर्दीच्या बहुतेक संयुक्त गोळ्यांच्या मागे, नाक सुकविणाऱ्या व डोळे जड करणाऱ्या द्रव्यांच्या घोळक्यात, पुन्हा आपले पॅरासिटामॉल आहेच. न्यू जर्सीस स्थायिक झालेल्या आमच्या पुतण्याने धाडलेल्या बाटलीवर तर त्याने ॲसिटॅमिनोफेन असे नावही पालटून घेतलेले मला आढळले. एकच इसम निरनिराळ्या गावी निरनिराळ्या नावांनी जमीन धरून असावा, तसा हा प्रकार. बेनामी व्यवहाराची इतकी स्वच्छ उदाहरणे मला सबंध नोकरीत दिसली नव्हती.

आणि जेथे बेनामी व्यवहार, तेथे कमाल धारणेचा कायदा ओघानेच आला. निरोगी प्रौढ माणसाच्या बाबतीत पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा चोवीस तासांस चार ग्रॅम, म्हणजे ४,००० मिलिग्रॅम समजतात. नित्य मद्यपान करणाऱ्यास, अंगाने फार किरकोळ असणाऱ्यास किंवा यकृताचा विकार असणाऱ्यास त्याहून कमी, किती ते डॉक्टर ठरवितात. ही मर्यादा सर्व गावच्या, सर्व नावांच्या जमिनी मिळून आहे, एवढीच काय ती मेख.

गेल्या पावसाळ्यात नानासाहेब आमच्याकडे मुक्कामास असता त्यांना ताप, अंगदुखी आणि सर्दी अशी तिन्ही दुखणी एकदम जडली. दुसरा कोणी असता तर पांघरूण घेऊन निजला असता. नानासाहेबांनी उशीला टेकून फुलस्केप कागद मागविला आणि त्यावर पट्टीने रेघा मारून औषधांचे वेळापत्रक आखले. डाव्या रकान्यात तास, मधल्या रकान्यात दुखणे आणि उजव्या रकान्यात गोळी, अशी ती रचना इतकी रेखीव होती, की मधल्या सुट्टीची घंटा केव्हा होणार एवढेच विचारायचे राहिले होते. तापासाठी ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची गोळी चार वेळा, अंगासाठी कॉम्बिफ्लाम तीन वेळा, नाकासाठी सर्दीची गोळी तीन वेळा. मी त्यांच्या हातून पट्ट्या घेतल्या, खिडकीशी नेल्या, उताऱ्यांची रुजुवात घातली आणि त्याच कागदाच्या पाठीवर आकडे मांडले. ताप खाती २,६००, अंग खाती ९७५, आणि सर्दीच्या त्या गोळीत दर गोळीस ५०० असल्याने नाक खाती १,५००. एकूण ५,०७५ मिलिग्रॅम. कमाल धारणेपेक्षा १,०७५ ने अधिक.

"अहो भाऊसाहेब," नानासाहेब शिंकून म्हणाले, "प्रत्येक गोळी निराळ्या दुखण्याची आहे. तुम्ही त्यांची बेरीज करताच कशी? इतिहासाचे गुण कधी भूगोलात मिळवतात का?"

युक्तिवाद बिनतोड होता. मात्र यकृताच्या कचेरीत विषयवार गुणपत्रक ठेवीत नाहीत. तेथे आलेल्या पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग निमूटपणे निकालात निघतो, पण थोड्या अंशाचे एक विषारी द्रव्य बनते, आणि ग्लुटाथायोन नावाचा यकृतातला साठा त्याचा तेथल्या तेथे बंदोबस्त करतो. आवक बेसुमार झाली की हा साठा सरतो, आणि मग ते विष थेट यकृताच्या पेशींवर जप्ती आणते. यातली खरी लबाडी अशी, की या जप्तीची आगाऊ नोटीस बजावली जात नाही. पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते किंवा काहीच होत नाही, मनुष्य पेपर वाचीत बसतो, आणि यकृत बिघडल्याचा डंका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाजतो. ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा आहे आणि तो उत्तम आहे. पण आठ तासांच्या आत दिला तर त्याची मात्रा सर्वांत चांगली चालते, म्हणून अधिक गोळ्या पोटात गेल्याचे ध्यानी येताच, काही होत नसले तरी, इस्पितळ गाठावे लागते. 'काही झाले तर बघू' हे आपले राष्ट्रीय धोरण येथे कुचकामाचे.

संध्याकाळी डॉक्टर आले आणि त्यांनी वेळापत्रकावर दुसरी हरकत घेतली. बाहेर पाऊस, घरोघरी डास आणि कारण न समजलेला ताप, अशा स्थितीत डेंग्यू नाही अशी खात्री पटेपर्यंत आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरीन वर्ज्य, कारण रक्तस्रावाचा धोका त्यांनी वाढतो. शिवाय नानासाहेबांचा रक्तदाब चढा. त्यासाठी ते रोज लघवी साफ करणारी गोळी घेतात, आणि तिच्या जोडीला आयब्युप्रोफेन म्हणजे मूत्रपिंडास दुहेरी जाच. अंगदुखीचा रकाना याप्रमाणे समूळ खालसा झाला, आणि सर्दीचाही: तेथल्या नाक सुकविणाऱ्या द्रव्याने रक्तदाब चढतो. नाकावर वाफेची नेमणूक झाली. एवढ्या सुबक कागदावर काट मारताना डॉक्टरांचाही हात क्षणभर अडखळला, असे मला वाटले.

वस्तुतः पॅरासिटामॉलच्या घराण्याचा मूळ पुरुषच दप्तरातील चुकीतून जन्मलेला आहे. १८८६ च्या सुमारास स्ट्रासबुर्ग येथे कान आणि हेप हे दोन तरुण डॉक्टर एका रुग्णास जंतांसाठी नॅफ्थलिन देत होते; जंत ढिम्म, पण ताप मात्र उतरला. चौकशीअंती निष्पन्न झाले, की औषधवाल्याने नॅफ्थलिनऐवजी ॲसिटॅनिलाइड नावाचे भलतेच द्रव्य पाठविले होते. त्याच्या भाऊबंदांपैकी फिनासेटिन पुढे ॲस्पिरीन आणि कॅफीन यांच्याशी भागीदारी करून ए.पी.सी. या नावाने जगभर नांदले. पण वर्षानुवर्षे अशा गोळ्या खाणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी होतात असे दिसून आले, आणि १९८३ साली आपल्या सरकारने फिनासेटिन हद्दपार केले. २०१८ च्या सप्टेंबरात तर ३२८ संयुक्त औषधांवर एकदम बंदीचे फर्मान निघाले. सॅरिडॉनने सर्वोच्च न्यायालयात दाद मागून त्या यादीतून आपली सुटका करून घेतली. भागीदारी वाईटच असते असे नव्हे. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र दिले असता दाढदुखीवर, एकेकट्याने उतरत नाही इतका, उतार पडतो, हे मी नाकारीत नाही. भागीदार कोण हे ठाऊक असावे, इतकेच माझे म्हणणे.

त्यातल्या कॅफीन या भागीदाराविषयी आमच्या आत्याबाईंचे मत फार चांगले आहे. त्यांचे डोके रोज चार वाजता दुखते, त्या रोज चार वाजता चहाबरोबर गोळी घेतात, आणि गोळी सापडते म्हणून दुखणे टिकून आहे ही शंका त्यांना शिवत नाही. वैद्यकशास्त्र मात्र सांगते, की आधीच डोकेदुखीची प्रकृती असलेल्याने संयुक्त वेदनाशामके महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. आत्याबाईंना हे सांगितले. "मग त्या डोकेदुखीवर कोणती गोळी?" असे त्यांनी विचारले.

गल्लीतल्या मेडिकलमध्ये, कायद्याने चिठ्ठी लागो वा न लागो, मागाल ती गोळी मागाल तितकी मिळते. नानासाहेब बरे झाल्यावर आम्ही दोघे तेथे गेलो आणि, "पॅरासिटामॉल, नुसती, चार द्या," असे त्यांनी सांगितले. 'नुसती' या शब्दाचा त्यांनी केलेला उच्चार ऐकून मला धन्यता वाटली. गल्ल्यावरच्या पोराने कात्री चालविली आणि नाव मधोमध दुभंगलेला एक तुकडा पुढे सरकविला. द्रव्यांची यादी अर्धी इकडे, अर्धी तिकडे, आणि मुदत संपण्याची तारीख पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे त्याच्याच हातात. मी हरकत नोंदवून तारखेचे टोक मागितले.

"काका, ते टोक तुम्हाला दिलं," तो शांतपणे म्हणाला, "तर उरलेल्या सहा मी कोणत्या तारखेच्या म्हणून विकू?"

मुलाचा मुद्दा कायदेशीरदृष्ट्या इतका भक्कम होता, की मी अखंड पट्टी घेतली आणि पैसे नानासाहेबांना द्यायला लावले.