शांततेचे इच्छुक

शांततेचं नोबेल मिळवायचं तर हाताशी आधी एखादं युद्ध हवं. स्वतःचं असेल तर उत्तम, कारण ते पाहिजे तेव्हा थांबवता येतं. स्वतःचं नसेल तर शेजारच्याचंही चालतं. पण ज्याने जन्मात कुणावर बंदूक रोखली नाही, त्याच्याकडे थांबवण्यासारखं असतं काय? तो बिचारा नुसता सज्जन. आणि नुसत्या सज्जनांची ऑस्लोत टंचाई नाही. २०२५ साली तिथे ३३८ नावं आली होती : २४४ माणसं आणि ९४ संस्था.

त्या वर्षी एका इच्छुकाने लावलेली फिल्डिंग साऱ्या जगाने पाहिली. डोनाल्ड ट्रम्प यांनी सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभं राहून, आपण सात युद्धं संपवली असं सांगितलं. त्यांच्या यादीत भारत-पाकिस्तान हमखास असायचे आणि आपलं परराष्ट्र खातं दर वेळी सांगायचं, की शस्त्रसंधी दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांनी आपसांत ठरवली, मध्ये तिसरा कुणी नव्हता. त्याच सप्टेंबरच्या ५ तारखेला ट्रम्प यांनी आपल्या संरक्षण खात्याला ‘युद्ध खातं’ म्हणण्याचा आदेश काढला. काहींना यात विसंगती दिसली. मला तर दूरदृष्टी दिसते. खातंच संरक्षणाचं असेल तर संपवायला युद्धं आणायची कुठून?

त्याआधी २१ जूनला पाकिस्तानने ट्रम्प यांची नोबेलसाठी शिफारस जाहीर केली. दुसऱ्या दिवशी अमेरिकी विमानांनी इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले आणि पाकिस्तानने त्याचा निषेध केला. एकाच माणसाची शिफारस आणि निषेध एकाच सरकारने चोवीस-छत्तीस तासांत उरकावा, हे आपल्याकडच्या आघाडीच्या राजकारणालाही अजून जमलेलं नाही. त्यातून त्या वर्षीच्या शिफारशींची मुदत ३१ जानेवारीलाच संपलेली होती. म्हणजे ही शिफारस पुढच्या वर्षाच्या रांगेत.

१० ऑक्टोबरला पुरस्कार जाहीर झाला तो व्हेनेझुएलाच्या मारिया कोरिना माचादो यांना. त्यांनी तो आपल्या देशातल्या पिचलेल्या जनतेला आणि ट्रम्प यांना अर्पण केला. तेवढ्यावर ट्रम्प यांचं समाधान होणार नव्हतंच. मग जागतिक फुटबॉल महासंघ धावून आला. ‘फिफा’ने शांततेचा नवाकोरा पुरस्कार काढला आणि ५ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये, विश्वचषकाच्या गटवाटणीच्या समारंभात, तो ट्रम्प यांना दिला. पदक त्यांनी स्वतःच उचलून गळ्यात घातलं. परीक्षक मंडळ, नामांकनं, चर्चा असली कटकट कुणाच्या डोळ्यांना दिसली नाही. मनाजोगता पुरस्कार मिळत नसेल तर तो देणारी संस्था शोधावी, हे आपल्या गावोगावच्या जीवनगौरववाल्यांना केव्हाच कळलेलं आहे. फिफाला थोडं उशिरा कळलं, इतकंच.

पण एकट्या ट्रम्प यांच्यावर हसून भागणार नाही. मूळ मृत्युपत्र काढून वाचायला हवं.

आल्फ्रेड नोबेलने ते २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये, वकिलाचा सल्ला न घेता, स्वतः लिहिलं. माणूस डायनामाइटचा जनक, नावावर ३५५ पेटंटं, आणि आदल्याच वर्षी त्याने स्वीडनमधला एक तोफांचा कारखाना विकत घेतला होता. कारखान्याचं नाव बोफोर्स. होय, तोच. १९८६ साली आपण ज्याच्याकडून ४१० तोफा घेतल्या, ज्याच्या दलालीवरून राजीव गांधींचं सरकार हेलपाटलं आणि ज्याच्या तोफांनी पुढे कारगिलचे डोंगर हादरवले, तोच. शांततेच्या पुरस्काराचा दाता आणि बोफोर्सचा धनी एकच, हे १९८९ च्या प्रचारसभांत कुणाला सुचलं असतं तर मजा आली असती.

मृत्युपत्रात शांततेच्या पुरस्कारासाठी नोबेलने लिहिलेलं अगदी थोडकं आहे. राष्ट्रांमध्ये बंधुभाव वाढवण्यासाठी, खडी सैन्यं नष्ट किंवा कमी करण्यासाठी आणि शांतता परिषदा भरवण्यासाठी ज्याने सर्वाधिक काम केलं, त्याला हा पैसा द्यावा. सैन्यं कमी करण्यासाठी! तोफांचा कारखानदार आपल्या पैशाने तोफांची गिऱ्हाइकं घटवायला सांगतो आहे. वेडा म्हणा, पण हिशेबी वेडा. माझे कारखाने तुमच्या परिषदांच्या आधी युद्ध बंद पाडतील, असं तो शांततावादी लेखिका बेर्टा फॉन सुटनर यांना सांगत असे. दोन फौजा एका क्षणात एकमेकींचा निकाल लावू शकल्या की सुसंस्कृत राष्ट्रं दचकून सैन्यं मोडीत काढतील, असा त्याचा होरा होता. तशी शस्त्रं येऊन पाऊणशेहून अधिक वर्षं झाली. राष्ट्रं दचकली, हे खरं. दचकून त्यांनी आणखी शस्त्रं केली.

मृत्युपत्र उघडल्यावर नातेवाईक भडकले, स्वीडनचा राजा नाराज झाला आणि पहिला पुरस्कार द्यायला १९०१ उजाडलं. हे सगळं आपल्याला ओळखीचं वाटेल. पण खरी गंमत पुढे आहे. भाऊबंदांची समजूत निघाली, इस्टेट मार्गी लागली, आणि मग सैन्यकपातीचं ते कलम हळूहळू अडगळीत गेलं. फ्रेडरिक हेफर्मेल नावाच्या नॉर्वेजियन वकिलाने यावर आख्खं पुस्तक लिहिलं. पुरस्कार ठरवणारी ऑस्लोतली समिती मृत्युपत्राशी बेइमानी करते आहे, हा त्याचा दावा. समितीचं म्हणणं साधारण असं, की काळ बदलला, शांततेचा अर्थ व्यापक झाला. अर्थ व्यापक झाला की कलम पाळावं लागत नाही, हा नियम नॉर्वेतही चालतो हे ऐकून आपल्या सहकारी संस्थांना धीर येईल.

आता गांधीजींची फाईल. १९३७, १९३८, १९३९, १९४७ आणि १९४८, अशी पाच वर्षं त्यांचं नाव गेलं. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली तेव्हा त्या वर्षीची मुदत संपायला दोन दिवस होते. मरणोत्तर पुरस्कार द्यावा का, यावर ऑस्लोत खल झाला. तेव्हाच्या नियमांत त्याला वाव होता. पण अडचण निघाली ती अशी : गांधींची संस्था नाही, मालमत्ता नाही, मृत्युपत्र नाही. मग पैसे द्यायचे कुणाला? ज्या माणसाने मागे काही ठेवलं नाही त्याला पुरस्कार देता येत नाही, कारण तो ठेवायला त्याच्याकडे जागा नाही. इतका निर्दोष सरकारी शेरा मी आपल्या मंत्रालयातही वाचलेला नाही. १८ नोव्हेंबरला समितीने जाहीर केलं, की यंदा पुरस्काराला योग्य असा जिवंत उमेदवार नाही.

गोष्ट इथेच थांबली असती तर निदान एक हळवा प्रसंग म्हणून खपून गेलं असतं. पण त्यानंतर तेरा दिवसांनी, १ डिसेंबर १९४८ रोजी, मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या चिमुकल्या देशात होसे फिगेरेस नावाच्या नेत्याने आपलं सैन्य बरखास्त केलं. कपात नाही, बरखास्त. नोबेलने लिहिलं होतं तेच, शब्दशः. फिगेरेस १९९० पर्यंत जिवंत होते, म्हणजे ‘जिवंत उमेदवार’ या अटीत जवळपास ४२ वर्षं बसत होते. विजेत्यांच्या यादीत त्यांचं नाव नाही. मरणोत्तर पुरस्काराची अडचणही पुढे सुटली. १९६१ साली तो डाग हॅमरशोल्ड यांना मिळाला. ते संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते आणि स्वीडिश होते.

मग पुरस्कार मिळतो कशाला? बहुतेकदा उचल म्हणून. काम पुढे होईल, पैसे आधी घ्या. बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर बाराव्या दिवशी शिफारशींची मुदत संपली आणि २००९ चा पुरस्कार त्यांना मिळाला. १ डिसेंबरला त्यांनी अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठवायचं जाहीर केलं आणि १० डिसेंबरला ऑस्लोत कधीकधी युद्ध का करावं लागतं यावर भाषण केलं. भाषण चांगलं होतं. तेव्हाचे समितीचे सचिव गैर लुंडेस्टाड यांनी पुढे आपल्या आठवणींत कबुली दिली, की समितीला जे हवं होतं ते साधलं नाही.

अमेरिकेच्या हेन्री किसिंजर यांचं १९७३ चं पारितोषिक तर अभ्यासक्रमात लावावं. आदल्या नाताळात हनोईवर बॉम्बवर्षाव, जानेवारीत व्हिएतनामचा शांतता करार, ऑक्टोबरात नोबेल. सहविजेते, उत्तर व्हिएतनामचे ले डुक थो यांनी अजून शांतता आलेली नाही म्हणून पुरस्कार नाकारला. समितीच्या दोघा सदस्यांनी राजीनामे दिले. किसिंजर समारंभाला गेले नाहीत, आणि १९७५ मध्ये सायगाव पडल्यावर त्यांनी पुरस्कार परत करू पाहिला. समितीने घेतला नाही. या पुरस्कारात दिलेलं परत घेण्याची तरतूद नाही.

ही तरतूद नसल्याचा सगळ्यात मोठा सोहळा १० डिसेंबर २०१९ रोजी झाला. त्या दिवशी ऑस्लोच्या नगरभवनात इथिओपियाचे पंतप्रधान अबी अहमद इरिट्रियाशी समेट केल्याबद्दल पदक घेत होते. त्याच दिवशी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात १९९१ च्या विजेत्या आंग सान स्यू ची, रोहिंग्यांच्या वंशसंहाराच्या आरोपावर म्यानमारचा बचाव करायला येऊन बसल्या होत्या. एक विजेता येत होता, एक विजेती जाब द्यायला उभी राहणार होती. वर्षही उलटलं नाही तोच अबींच्या फौजा आपल्याच देशातल्या तिग्राई प्रांतात शिरल्या आणि त्यांच्या बाजूने लढायला इरिट्रियाचं सैन्य आलं. समेट अगदी पक्का झाला होता म्हणायचा.

समितीला मी दोष देणार नाही. पाच माणसं, नेमणूक नॉर्वेच्या संसदेची. क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या कोंग्सबर्ग कंपनीत त्याच देशाच्या सरकारचा हिस्सा निम्म्याहून किंचित जास्त आहे. सैन्यं कमी करणाऱ्यांचा दर वर्षी सत्कार करत बसलं तर त्या देशाने खावं काय? नोबेल निदान मेल्यावर तरी धंद्याच्या आड आला. जिवंत सरकारकडून तेवढी अपेक्षा करणं बरं नाही.

आता आपल्याकडच्या इच्छुकांसाठी थोडी माहिती. शिफारस करण्याचा अधिकार कोणत्याही देशाच्या खासदाराला, मंत्र्याला आणि विद्यापीठातल्या इतिहास, कायदा, सामाजिक शास्त्रं, तत्त्वज्ञान या विषयांच्या प्राध्यापकाला आहे. समिती नावं ५० वर्षं गुप्त ठेवते, तेव्हा उद्या चौकात ‘शांतता नोबेल नामांकित’ असा फ्लेक्स लागला तर तो खोटा ठरवायला समिती येणार नाही. (मुसोलिनी आणि स्टालिन हेही नामांकित होते, त्यामुळे फोटो जरा जपून लावावा.) शेवटची तारीख ३१ जानेवारी. स्वतःचं नाव स्वतः सुचवलं तर ते विचारात घेतलं जात नाही. त्यासाठी वेळीच एक प्राध्यापक गाठावा.