घरोघरी सोन्याच्या खाणी

सोन्याचे साठे पूर्वी कोलार आणि हट्टीच्या खडकात सापडत. हल्लीचा सर्वांत संपन्न साठा मध्यमवर्गीय घरात टीव्हीखालच्या खणात आढळतो. तळाशी बटणांचे फोन, त्यावर काच तडकलेले स्मार्टफोन आणि सगळ्यांभोवती कशालाच न लागणाऱ्या चार्जरांचा गुंता, असे त्याचे थर असतात. ‘लागेल कधीतरी’ या भावनेच्या दाबाखाली ते वर्षानुवर्षे टिकतात. उत्खननाचा हंगाम दिवाळीच्या साफसफाईचा. मात्र बहुतेकदा माल पुसून पुन्हा जागच्या जागी ठेवला जातो.

या खनिजाचा कस विलक्षण आहे. टनभर खडकातून पाच ग्रॅम सोने निघाले तरी खाण चांगली म्हणतात. टनभर जुन्या मोबाइलमध्ये ते दोनशे ग्रॅमच्या वर भरू शकते. शिवाय चांदी, पॅलेडियम आणि भरपूर तांबे. जपानने 2017 ते 2019 या काळात सुमारे 79,000 टन छोटी उपकरणे आणि 62 लाख मोबाइल गोळा केले, त्यातून 32 किलो सोने काढले आणि टोकियो ऑलिंपिकची पदके घडवली. नीरज चोप्राच्या सुवर्णपदकावरचा सहाएक ग्रॅमचा मुलामा त्यातलाच. आपल्याकडे तोच फोन भंगारवाल्याच्या तराजूत पडतो आणि घासाघीस दहा रुपयांवरून होते.

सोनाराच्या दुकानातला केर धुऊन त्यातले कण वेचणारे झारेकरी महाराष्ट्राला जुने. त्यांच्या धंद्याची नवी आवृत्ती दिल्लीच्या सीलमपूरला आणि मुरादाबादला चालते. मदरबोर्ड शेगडीवर धरतात. कथील वितळले की पक्कडीने चिप ओढून काढतात. रॅमच्या कडेचे सोनेरी दात कात्रीने कापून नायट्रिक आम्लात टाकले की खालचे तांबे विरघळते आणि सोन्याचे पापुद्रे तरंगू लागतात. ते अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, विरघळवून पुढे मेटाबायसल्फाइट घातले की तळाशी तपकिरी गाळ बसतो. चिखलासारखा दिसणारा हा गाळ म्हणजे शुद्धतेच्या जवळ गेलेले सोने. वायरींवरचे प्लॅस्टिक जाळून तांबे मोकळे होते, डायऑक्सिन हवेत जाते. मुरादाबादला सर्किटच्या पाट्यांची राख रामगंगेच्या काठी धुतली जाते. संरक्षक साधन तोंडाला बांधलेला रुमाल. तोही आपापला आणायचा.

नोंदणीकृत कारखान्यात हे सगळे स्वच्छ होते, फक्त तिथे माल पोचत नाही. भंगारवाला रोख मोजणाऱ्याकडे जातो, आणि ज्याला धुराड्याच्या गाळणीचा खर्च नाही तो जास्त मोजू शकतो. जो माल पोचतो, त्यातल्या पाट्या पुष्कळदा परदेशी भट्ट्यांकडे रवाना होतात. बेल्जियममध्ये होबोकनला युमिकोर कंपनीची भट्टी अशा मिश्रणातून 17 धातू वेगळे करते. निओडिमियमसारखे दुर्मीळ धातू मात्र अशा भट्टीत मळीबरोबर जातात. तेवढे शुद्धीकरण करण्यापेक्षा दुर्मीळ खनिजांवर परिषद भरवणे सोपे असते.

उरतो कागद. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादकाने विकलेल्या मालाच्या प्रमाणात पुनर्वापर घडवून आणायचा असतो. स्वतः काही फोडायची गरज नाही. पुनर्वापर करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घेतले की झाले. हे प्रमाणपत्र या क्षेत्रातला सर्वांत हलका धातू असून ते पोर्टलवर विनाधूर हाताळता येते. त्याचा भाव इतका पडला की त्यात खरा पुनर्वापर परवडेना, तेव्हा सरकारने एसीसारख्या उपकरणांसाठी किलोला 22 रुपयांचा किमान दर बांधून दिला. त्यावर काही बड्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. चाळीस किलोच्या एसीमागे हा भार 880 रुपये पडतो. एसी बसवायला आलेला माणूस तांब्याच्या जादा नळीचे बिल याहून मोठे लावतो, आणि गिऱ्हाईक ते कोर्टात न जाता भरते.