सोडायला की फिरायला?

पुण्यात मुलांना बाहेरगावच्या कॉलेजात ‘सोडणे’ हे आता सहलीचं सभ्य नाव झालं आहे. ताईला दापोलीच्या कृषी विद्यापीठात प्रवेश मिळाला. विद्यापीठ 1972 पासून तिथंच आहे. आमच्या घराला त्याचा शोध यंदा लागला, तोही हर्णैच्या मासळीसकट. महाडचा सरळ रस्ता सोडून गाडी ताम्हिणीतून थेट हरिहरेश्वरकडे. का? तर ‘त्या हायवेचं काही खरं नाही.’ 2011 पासून रुंद होत असलेला मुंबई-गोवा महामार्ग अखेर कुणाच्या तरी कामी आला!

बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढली. वेश्वी येईपर्यंत बाबांनी डिझेल आणि तिकीट यांचा हिशेब मांडून आपण पैसे कसे वाचवले ते सिद्ध केलं. मागच्या सीटवर गादी, बादली आणि उरलेल्या जागेत ताई. हॉस्टेलचं ऑफिस बंद होईल, असं ती केळशीपासून सांगत होती. तरी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती झाला, हर्णैला पापलेटाची घासाघीस झाली.

दापोलीत पोचल्यावर बाबा म्हणाले, “तू फॉर्म भर. आम्ही मुरुडला सूर्यास्त बघून येतो.”