आत किती गेले ते सांगा

हिर्डोशीत एखाद्या घरचा पोरगा दारूत गेला की सल्ला द्यायला अख्खी वाडी गोळा होते. कुणी म्हणतं, आळंदीला नेऊन माळ घाला. वरंधा घाटाखालचे महाडकडचे पाहुणे म्हणतात, निरूपणाच्या बैठकीला बसवा. कुणी पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव काढतं. आणि एखादा हळू आवाजात सांगतो, ‘ख्रिश्चन लोकांचं एक केंद्र आहे. पैसे घेत नाहीत, वर्षभर ठेवून घेतात.’ एवढं ऐकलं की वाडीचे दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘बाटवतील पोराला.’ दुसरा म्हणतो, ‘देवाचं काम करतात, त्यांना काय विचारायचं?’

पहिला धर्म बघून दार लावतो, दुसरा धर्म बघूनच डोळे मिटतो. संस्था काम कसं करते, हा प्रश्न दोघांच्याही गावी नाही.

आधी पहिल्या तटाशी बोलू. श्रद्धेच्या बळावर व्यसन सुटतं, हे हिरडस मावळाला कुणी शिकवायला नको. माळ घातली आणि पुन्हा बाटलीला हात लावला नाही, अशी माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. बैठकीत जाऊन सुटलेले घाटाखाली भेटतील. मग हेच काम चर्चच्या आवारात झालं तर लगेच संशय का?

मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशनचं काम सुरू केलं. फादर स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. त्यांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मंडळाच्या बारा पायऱ्या आणि अय्यंगारांचा योग एकत्र आणला. कॅथलिक धर्मगुरू आणि समोर रात्ररात्र झोप नसलेला, हात थरथरणारा तरुण. त्याला लोडावर पाठ टेकवून झोपवायचं, पट्ट्याचा, खुर्चीचा आधार द्यायचा आणि श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवायचं. कारण दारू सुटली तरी शरीर शांत होत नाही, आणि अशांत शरीर माणसाला पुन्हा गुत्त्यावर घेऊन जातं. या कामासाठी फादरना २००९ साली पद्मश्री मिळाली. क्रूस दिसला की दार लावणाऱ्याने हे काम आधी नीट बघावं.

बारा पायऱ्यांचं मूळही ख्रिस्ती मंडळींतच आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही अट्टल पिणारे, एकमेकांच्या आधाराने पिणं सोडायला बसले. ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीची छाप त्यांच्यावर होती. पण देव कसा मानायचा, हे त्यांनी ज्याच्या त्याच्यावर सोपवलं. म्हणून त्या पायऱ्या कुठल्याही धर्माच्या माणसाला चढता आल्या.

आता दुसऱ्या तटाकडे वळतो, कारण खरा धोका तिकडे जास्त आहे. ‘देवाचं काम आहे’ म्हणून प्रश्न न विचारणं हा पोरावरचा अन्याय आहे.

न्यू यॉर्कमध्ये डेव्हिड विल्करसन या पाद्र्याने १९५८ साली रस्त्यावरच्या टोळ्यांतल्या पोरांमध्ये काम सुरू केलं. त्यातून टीन चॅलेंज ही संस्था उभी राहिली आणि पुढे अनेक देशांत पसरली. तिची रीत स्पष्ट आहे. पोराने साधारण वर्षभर आत राहायचं. प्रार्थना, बायबलचा अभ्यास, अंगमेहनत. येशूवरची श्रद्धा हाच उपचाराचा गाभा. या संस्थेच्या यशाचा एक आकडा वर्षानुवर्षं सांगितला जातो: ८६ टक्के.

हा आकडा १९७५ च्या एका पाहणीतला. सात वर्षांपूर्वी आत असलेल्यांना शोधून काढून ती केली होती. पण ८६ टक्के आले ते कार्यक्रम पूर्ण केलेल्यांमधले, आणि तेही त्यांनी स्वतः सांगितलेले. त्याच लोकांची लघवी तपासली तेव्हा आकडा ६७ वर आला. जे अर्ध्यातून निघून गेले, ते या ८६ मध्ये नाहीतच.

हा हिशोब आपल्या वाडीपुरता मांडून बघा. समजा, शंभर पोरं आत गेली. ऐंशी मधेच निघून गेली, वीस शेवटपर्यंत टिकली आणि त्यातली सतरा सुधारली. संस्था म्हणणार, आमचं यश ८५ टक्के. बाप म्हणणार, शंभरात सतरा. दोघांचंही गणित बरोबर आहे, पण पोराला पाठवायचं की नाही हे ठरवताना बापाचंच गणित धरायचं.

साक्षींचंही तेच. वार्षिक कार्यक्रमात एक तरुण उभा राहतो, माइक हातात घेतो, सांगतो की मी मेलो होतो आणि जिवंत झालो. त्याची आई पहिल्या रांगेत रडत असते. त्याचं दुःख खरं, त्याचं सुटणंही खरं, आणि त्याच्याबद्दल मला आदरच आहे. पण निघून गेलेल्या ऐंशी जणांना माइक कुणी देत नाही. त्यांच्या आया त्या मांडवात नसतात. म्हणून संस्थेला पहिला प्रश्न हाच: आत किती गेले?

मग खरा आकडा केवढा असतो? बारा पायऱ्यांच्या उपचारांवर २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या संस्थेचा मोठा आढावा आला. त्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं होती. वर्षभर एक थेंबही न घेतलेले शंभरात सुमारे ४२ निघाले. इतर मानसोपचार घेतलेल्यांमध्ये ३५. म्हणजे काळजीपूर्वक राबवलेल्या, नीट मोजलेल्या उपचारातही निम्म्याहून जास्त जण वर्षभरात एकदा तरी घसरले. ४२ हा आकडा छोटा वाटेल, पण तो प्रामाणिक आहे. जो तुम्हाला शंभर टक्क्यांची हमी देतो, त्याच्याकडे पोरगा सोपवू नका. मग तो पाद्री असो, महाराज असो, की लाखाचं पॅकेज सांगणारा खासगी केंद्रवाला.

दुसरा प्रश्न डॉक्टरचा. रोज उठल्याबरोबर चपटी लागणाऱ्या माणसाने दारू एकदम तोडली, तर दोन-तीन दिवसांत अंग थरथरतं, फिट येऊ शकते, नसलेली माणसं दिसू लागतात. वेळेवर औषध मिळालं नाही तर जीवही जातो. अशा रात्री प्रार्थना जरूर करा, पण शेजारी डॉक्टर हवा, ब-१ जीवनसत्त्व हवं, सलाइन लावणारा हात हवा. ‘आमच्याकडे औषध देत नाहीत, देवच बरा करतो,’ असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर पोराला घेऊन सरळ भोरचं सरकारी रुग्णालय गाठा.

तिसरा प्रश्न सुटकेचा. पोराला निघायचं म्हटलं तर निघता येतं का? घरी फोन करता येतो का? आई भेटायला गेली तर एकांतात बोलू देतात का? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. तमिळनाडूत एरवाडीला श्रद्धेच्या आधारावरच मनोरुग्णांना ठेवलं जायचं. २००१ मध्ये तिथे आग लागली आणि साखळीला बांधलेली २८ माणसं जळून गेली. आज २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू-ड्रग्जच्या व्यसनातून होणाऱ्या आजारालाही लागू आहे. साखळी लावायला बंदी, जबरदस्तीने मुंडण करायला बंदी, सक्तीने काम करून घ्यायला बंदी. काम केलं तर त्याचा योग्य मोबदला. फोन आणि भेटीचा हक्क. अशा केंद्राने सरकारदरबारी नोंदणीही करायला हवी. तेव्हा नोंदणीचा कागद मागा. पोरं दिवसभर कोंबड्या सांभाळतात, मेणबत्त्या बनवतात, तर त्याचे पैसे कुणाकडे जातात तेही विचारा.

आणि चौथा प्रश्न, ज्यावरून वाडीत भांडण लागतं तोच. धर्म बदलणं ही अट आहे का? हा प्रश्न पारावर कुजबुजत विचारू नका, केंद्राच्या ऑफिसात उभं राहून सरळ विचारा. पोराने प्रार्थनेला बसायला नकार दिला, तर त्याला तेच जेवण, तोच डॉक्टर, तेच अंथरूण मिळेल का? ‘हो’ म्हणणाऱ्या संस्थेवर बाटवण्याचा आरोप करणं पाप आहे. ‘नाही’ म्हणणारी संस्था आजारी माणसाच्या लाचारीचा फायदा घेते आहे. एवढा साधा निकष असताना अफवांवर भांडायचं कारण नाही.

उपचार मिळणंच दुर्मिळ, हे खरं; पण म्हणून असे प्रश्न विचारायचे नाहीत, हे मला मान्य नाही. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी पाहणीत २०१९ साली दिसलं, की दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार तर १८० जणांत एकाला. नीरा-देवघरच्या पाण्याकाठच्या आणि पावसाळ्यात घाट बंद झाला की एका बाजूने तुटणाऱ्या आपल्या गावांना यातल्या किती खाटा येणार? म्हणून काम करणारी एकही संस्था केवळ क्रूस बघून हाकलणं आपल्याला परवडणारं नाही. आणि काम न करणाऱ्या संस्थेत पोराचं एक वर्ष घालवणंही परवडणारं नाही.

शेवटी एक बोट आपल्याकडेही. केंद्र पोराला वर्षभर सांभाळेल, बाकीचं आयुष्य त्याला इथेच काढायचंय. हळदीच्या रात्री त्याच्या हातात ग्लास देणारा आपलाच भाऊबंद असतो. निवडणुकीत खोकी उतरवणारा आपल्याच पॅनलचा असतो. परतलेल्या पोराला ‘एक घे रे, काय होतंय’ म्हणणाऱ्याला वाडीने तिथल्या तिथे गप्प केलं पाहिजे. आणि संस्थेला विचारलं पाहिजे की परतल्यानंतर तुमचं माणूस फोन करतं का, घरी येतं का, घसरला तर पुन्हा दार उघडतं का.

जी संस्था आत घेतलेल्या प्रत्येक पोराचा वर्षानंतरचा हिशोब देते, तिच्या भिंतीवर क्रूस असो की विठोबा, पोराला तिथे न्या. जी हिशोब देत नाही, तिच्या भिंतीवर आपलाच देव असला तरी पुढच्या एसटीने पोराला घेऊन परत या.